एक श्लोक, अनेक घरे

लहानपणी दिवाळीच्या दिवसांत आजी आम्हां मुलांना सांगे, ‘व्यास सांगत गेले, गणपती लिहीत गेला आणि महाभारत झाले.’ ही कथा मूळ ग्रंथात नाही असे पुण्याच्या पंडितांनी ठरविले, हे पुढे वाचले तेव्हा मी खट्टू झालो. आजीला खोटे पाडणारे हे कोण?

या प्रश्नाने मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या इतिहासाकडे नेले. चिकित्सक आवृत्तीसाठी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१८ साली लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांनी कामाचा श्रीगणेशा केला. श्रीगणेशाच म्हणायचे, नाही का!

पण पोथ्या देशभर विखुरलेल्या; कुठे शारदा लिपी, कुठे बंगाली, कुठे ग्रंथ, कुठे मलयाळम. एकट्या संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हे. म्हणून पुण्याच्या जोडीला शांतिनिकेतनची विश्वभारती आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय यांनीही पाठ ताडून पाहण्याचा भार उचलला. चौकटी आखलेल्या कागदावर एकेक अक्षर एकेका घरात मांडायचे आणि त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक नोंदवायचा!

१९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांची कसोटी साधी होती: ज्या परंपरांचा एकमेकींशी संबंध आला नाही, त्या जेथे एकच बोलतात तेथे जुना पाठ. काश्मीर काय म्हणतो हे मलबारच्या पोथीला ठाऊक नव्हते. दोघींची साक्ष एका कागदावर आली तेव्हाच नवे ज्ञान जन्मले. गणपतीची कथा दक्षिणेकडील पोथ्यांत आढळेना. मग ती संहितेतून निघाली.

पण ती फेकून दिली नाही, वाचकहो! परिशिष्टात तिला मानाने जागा मिळाली. जे गाळले तेही जपून छापायचे, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला निवाडा पुन्हा तपासता यावा, ही त्या मंडळींची सचोटी.

१९४३ साली सुकथनकर गेले. बेलवलकर आणि वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ साली कार्य सिद्धीस गेले. जन्मभर राबूनही शेवट पाहण्याचे भाग्य कित्येकांच्या वाट्याला आले नाही.

आता मी नातवंडांना आजीची गोष्ट सांगतो आणि तिच्यापाठोपाठ ही दुसरीही. पहिलीत लेखक एक आहे, दुसरीत अनेक. पण दोहोंतही लेखणी मध्येच खाली ठेवायची नाही, ही अट एकच.