शुगर आहे? आगळ चालेल, कोकम सिरप नको

वर्सोवा : उन्हातून दमून आल्यावर थंडगार काहीतरी हवंच असतं. पण डायबेटीस असेल तर बाटलीवरच्या नावावर जाऊ नका, मागचं लेबल वाचा.

आगळ की सिरप? : वर्सोवा कोळीवाड्यापासून कोकणापर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत कोकम लागतंच. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर घालत नाहीत. सिरपमध्ये मात्र भरपूर साखर असते. बिनसाखरेची सोलकढी चालते. बीपी असेल तर मीठ जपून.

लेबल काय सांगतं? : एफएसएसएआयच्या नियमानुसार १०० मिलीमध्ये जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम साखर असेल तरच पेयाला ‘शुगर फ्री’ म्हणता येतं. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही एवढंच. फळातली साखर असतेच.

काय प्यावं? : पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी, बिनसाखरेचा चहा. शहाळ्यातही थोडी साखर असते, म्हणून बेतानं.

काय टाळावं? : उसाचा रस, फळांचा ज्यूस, कोला. ३०० मिली कोल्यात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. गूळ आणि मधानंही शुगर वाढते.

हे लक्षात ठेवा : इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याला घाम, थरथर, चक्कर आली आणि शुगर ७० च्या खाली गेली, तर शुगर फ्री पेय कामाचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.