चेंडू नसलेलं क्रिकेट

१८५७ सालच्या जुलैमध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातल्या हन्सडनबरी इथे क्रिकेटचा एक हौशी सामना झाला. एका बाजूला रॉयल आर्टिलरीचा, म्हणजे तोफखान्याचा संघ, दुसऱ्या बाजूला हन्सडनबरीचा. एरवी हा सामना कुणाच्या लक्षात राहिला नसता. पण मैदानाच्या कडेला रॉजर फेंटन कॅमेरा घेऊन उभा होता. क्रिकेट सामन्याच्या आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांमध्ये त्याच्या या छायाचित्राची गणना होते.

फेंटन दोनच वर्षांपूर्वी क्रिमियाच्या युद्धावरून परतला होता. तिथलं त्याचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र एका ओसाड वाटेचं आहे. वाटेवर तोफेचे गोळे पडलेले, माणूस मात्र एकही नाही. लढाई चालू असताना ती टिपणं त्याच्या कॅमेऱ्याला शक्यच नव्हतं. हन्सडनबरीच्या हिरवळीवरही अडचण तीच होती.

तेव्हाची रीत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी अंधाऱ्या जागेत धुऊन घ्यायची. भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात धावणारा माणूस धुरकट होई किंवा पुसूनच जाई. चेंडूची तर गोष्टच सोडा. म्हणून या छायाचित्रात सामना आहे, पण खेळ नाही. दूरवर आपापल्या जागी थबकलेली माणसं तेवढी दिसतात.

यात आपण काय गमावलं? त्या काळी इंग्लंडमध्ये गोलंदाजाचा हात किती उंच जावा यावरून मोठा वाद चालू होता. १८६२ साली ओव्हलवर एडगर विलशरचे चेंडू हात खांद्याच्या वर गेला म्हणून एकापाठोपाठ एक नो-बॉल ठरवले गेले आणि तो मैदान सोडून गेला. १८६४ मध्ये नियमच बदलून हात हवा तेवढा वर नेण्याची मुभा मिळाली. या सगळ्या भांडणात कॅमेरा साक्षीला उपयोगाचा नव्हता. हाताची हालचाल टिपता येण्यासाठी कोरड्या काचा आणि जलद शटर यांची वाट पाहावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्डमने पुढे झेपावणाऱ्या व्हिक्टर ट्रंपरचं प्रसिद्ध छायाचित्र घेतलं, तेही चालू सामन्यातलं नव्हे. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळणारा हौशी क्रिकेटपटू होता.

मधल्या काळात कॅमेऱ्याला सहज जमलं ते संघाचं छायाचित्र. कप्तान मधल्या खुर्चीवर, बाकीचे आजूबाजूला, काही मागे उभे. खेळापेक्षा अशी मांडणी टिपणं सोपं होतं. आपल्याकडेही जुन्या क्रिकेटची ओळख अनेकदा अशाच छायाचित्रांतून होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचं छायाचित्र आजही छापलं जातं. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले ते बाळू पालवणकर यांनी.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टीची देखभाल आणि नेटमध्ये गोलंदाजी हे त्यांचं काम. पुढे पुण्यातल्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं, पण चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, त्यांचा पेला चालत नव्हता. महाराज आणि मैदानावर राबलेला माणूस एकाच संघात आले, एवढंच संघाचं छायाचित्र सांगतं. ते भांडं त्यात येत नाही, आणि डावखुऱ्या फिरकीने चेंडू कसा वळत असे तेही नाही.

दोष छायाचित्रकाराचा नाही. पण स्थिर राहण्याची अट घालणाऱ्या कॅमेऱ्याने खेळाआधी शिस्त आणि हुद्दा टिपला, हे विसरून चालणार नाही. जुनं छायाचित्र पाहताना शेजारी धावफलक ठेवावा, आणि त्या दिवशी कुणी कुठे बसून काय प्यायलं, याचीही चौकशी करावी.