पाचगणीतील विद्यार्थी आणि बार्सिलोनाची गायिका

वऱ्हाडातील मुलांना पाचगणी ठाऊक असते ती बहुधा सहलीमुळे. त्याच गावातील सेंट पीटर्स शाळेत 1958 च्या सुमारास झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा 'द हेक्टिक्स' या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये पियानो वाजवीत असे. नाव फारोख बलसारा. पुढे जगाने त्याला 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले.

9 ऑगस्ट 1986 रोजी नेबवर्थ येथे क्वीनसोबतची त्याची अखेरची मैफल झाली. चाळिशीला आलेल्या या गायकाला आता ध्यास लागला होता तो स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्या आवाजाचा. 1983 मध्ये तो लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये गेला होता पाव्हारॉटींना ऐकायला; भारावून परतला तो काबाये यांच्या गायनाने.

मार्च 1987 मध्ये बार्सिलोनात दोघांची भेट झाली. काबाये यांचा आवाज मनात धरून त्याने कृत्रिम उंच स्वरात एक शब्दविरहित गाणे गायले होते. ते त्याने त्यांना ऐकविले. काही दिवसांतच काबाये यांनी ते लंडनच्या रंगमंचावर स्वतः गायले!

मग अल्बमचे काम सुरू झाले. काबाये यांच्याजवळ वेळ थोडा. त्यामुळे मर्क्युरी त्यांचा भागही स्वतः उंच स्वरात गाऊन ध्वनिफिती पाठवी. संगीतरचनेत माइक मोरान त्याचा सहकारी होता. त्या शब्दविरहित गाण्याला काबाये यांनीच शब्द दिले. मात्र ते तू तुझ्या नैसर्गिक, खालच्या आवाजात गा, असा त्यांचा आग्रह होता. 'एन्सुएन्यो' या गाण्यात तो आवाज ऐकू येतो. 1985 च्या 'मिस्टर बॅड गाय' या पहिल्या एकल अल्बममध्ये सारा प्रकाशझोत मर्क्युरीवर होता. येथे तो दुसऱ्या आवाजासाठी जागा करून देतो. या अल्बमची प्रौढता, आमच्या मते, त्यात आहे.

याच काळात त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले होते. जगाला त्याची कल्पना नव्हती. 8 ऑक्टोबर 1988 रोजी बार्सिलोनातील सोहळ्यात दोघांनी ध्वनिमुद्रणावर केवळ ओठ हलविले. रंगमंचावरील त्याचे ते अखेरचे सादरीकरण. दोनच दिवसांनी 'बार्सिलोना' हा अल्बम प्रसिद्ध झाला.

24 नोव्हेंबर 1991 रोजी मर्क्युरीचे निधन झाले. 1992 मध्ये, ऑलिंपिकच्या वर्षी, शीर्षकगीत ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. 1987 मध्ये ते आठव्या स्थानापर्यंतच गेले होते. 26 मे 1999 रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापूर्वी काबाये यांनी ते पुन्हा गायले. सोबतीला मर्क्युरीचा ध्वनिमुद्रित आवाज होता.