सुवर्ण-नॅनोकवच

सिलिकाच्या गोल गाभ्यावर सोन्याचा अतिपातळ थर चढवून केलेला कण. कर्करोगाची गाठ प्रकाशाने तापवून मारण्याच्या प्रकाशऔष्णिक उपचारात वापरतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास यांच्या गटाने १९९० च्या दशकात विकसित केला. जेनिफर वेस्ट यांच्यासह केलेला कर्करोगावरील प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

रचना : सोन्याचे साधे नॅनोकण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात. हा प्रकाश रक्तातच अडतो, म्हणून गाठीसाठी निरुपयोगी. गाभ्याच्या मानाने कवच पातळ केले, की शोषण निकट-अवरक्ताकडे, म्हणजे ऊतींतून बरेच आत शिरणाऱ्या प्रकाशाकडे सरकते. सारी करामत या प्रमाणात आहे. उपचारासाठीच्या कणात गाभ्याचा व्यास सुमारे १२० व कवचाची जाडी सुमारे १५ नॅनोमीटर असते. सिलिकावर आधी सोन्याचे बारीक कण डकवतात. मग सुवर्णक्षाराचे क्षपण केले, की ते वाढत एकमेकांना भिडतात. कवच पुरे होताना द्रावण निळे-हिरवे दिसू लागते. शेवटी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण देतात, नाहीतर यकृत व प्लीहा कण लगेच गाळून घेतात.

गाठीत प्रवेश : गळक्या रक्तवाहिन्यांतून कण गाठीत साचतात, हे संशोधक माएदा व मात्सुमुरा यांचे १९८६ चे प्रतिपादन. प्रत्यक्षात पोहोचणारा वाटा फारच थोडा. २०१६ च्या एका आढाव्यात नॅनोकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या वाट्याचा मध्यक ०.७ टक्के निघाला.

रुग्णांवरील वापर : प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरील प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कण आदल्या दिवशी शिरेतून दिले. एमआरआय व सोनोग्राफीच्या जोडचित्रावर पाहत लेसरचा तंतू गाठीत नेला. १५ जणांत उपचार पार पडला. लघवी व लैंगिक कार्यात लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान, तुलनागट नाही.

प्रतिकारशक्तीशी जोड : उष्णतेने मरणाऱ्या पेशी प्रतिजन व धोक्याचे संकेत सोडतात, त्यांतून टी-पेशी जाग्या होऊ शकतात. ड्यूक विद्यापीठात तुआन व्हो-दिन्ह यांच्या गटाने २०१७ मध्ये सोन्याचे तारकाकृती कण व टी-पेशींना आवरणाऱ्या पीडी-एल१ प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड एकत्र वापरले. उंदरांत लेसर न लागलेली दूरची गाठही आटली. प्रतिकारशक्ती जागी होण्यासाठी गाठ किती तापवावी, याबाबत एकमत नाही.

विषाक्तता : सोने विघटित होत नाही, दीर्घकालीन परिणाम अनिश्चित.

भारत : आयआयटी मुंबई व खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले, विघटनशील लिपोसोम उंदरांवर वापरले.