वाढत जाणारं घर

वास्तुकार बाळकृष्ण दोशी जन्मले १९२७ मध्ये, पुण्यात. कुटुंब गुजराती, धंदा फर्निचरचा. आजोबांच्या कारखान्यात लाकूड आणि हत्यारं लहानपणापासून नजरेसमोर. एकत्र कुटुंबात माणसं वाढत गेली, तसं घरही वाढत गेलं. घर एकदाच बांधून संपत नाही, हा धडा दोशींना मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकायला जाण्याआधीच मिळाला होता.

तो धडा फळाला यायला मात्र बराच काळ जायचा होता. १९५१ मध्ये ते पॅरिसला आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे कामाला लागले. पहिले आठ महिने बिनपगारी. पुढे कॉर्ब्युझिए यांच्या अहमदाबादेतल्या इमारतींवर देखरेख करायला आले आणि तिथलेच झाले. १९५५ मध्ये कमला पारीख यांच्याशी लग्न झालं. स्वतःसाठी विटांचं घर बांधलं, त्याला नाव दिलं ‘कमला’. तीन मुली तिथेच वाढल्या.

१९७३ मध्ये आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी अहमदाबादेत तीन मजली घरं आखली. तळाला मोठं घर, वर त्याहून लहान, सर्वांत वर सगळ्यांत लहान. अशा रचनेमुळे वरच्यांनाही गच्ची मिळाली आणि पुढे खोली काढायला जागा उरली. लोकांनी ती सोडली नाही! एखादा वास्तुकार आपल्या नकाशाची मोडतोड पाहून चिडला असता. दोशींनी ती गृहीतच धरली होती.

इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत तर त्यांनी याहून कमी बांधलं. गरिबांच्या प्लॉटवर जोतं, संडास-मोरी आणि फार तर एखादी खोली. बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचं. १९९५ मध्ये या वसाहतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी दोशींनी अहमदाबादेत जमिनीखाली गुफा केली. तिथे सरळ भिंत शोधूनही सापडत नाही; माथ्यावर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं कवच. फोटो गुफेचे जास्त निघतात. पण काम मोठं ‘अरण्य’चंच.

निवृत्ती दोशींना ठाऊकच नव्हती. उतारवयातही ते चित्रं काढत राहिले. नात खुशनू वास्तुकार झाली. आजोबांच्या कामाची प्रदर्शनं तिने उभी केली. नव्वदीत, २०१८ मध्ये, वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार आला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.