गंज-ए-सवाईवरच्या बायका

समुद्री चाचे म्हटलं की सोन्याच्या पेट्या आठवतात. आज त्या पेट्यांसोबत जहाजावर असलेल्या बायकांची गोष्ट सांगते.

साल १६९५. औरंगजेब बादशहाचं गंज-ए-सवाई हे मोठं जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन मक्केकडून सुरतेला परत येत होतं. सप्टेंबरात, सुरत जवळ आलेली असताना, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते गाठलं. जहाजावर तोफा होत्या, पण लढाईत आपलीच एक तोफ फुटली, माणसं मेली, गोंधळ उडाला. त्या काळचा इतिहासकार खाफीखान लिहितो, की जहाजाचा कप्तान इब्राहिमखान खाली पळाला. मोख्याहून आणलेल्या दासींच्या डोक्यावर त्याने पागोटी बांधली आणि त्यांनाच लढायला वर पाठवलं!

चाच्यांनी कित्येक दिवस जहाज लुटलं. बायकांवर अत्याचार केले. काहींनी अब्रूसाठी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला संपवलं. खाफीखानाने लुटीचा आकडा दिलाय, ५२ लाख रुपये. बायकांची नावं मात्र दिलेली नाहीत.

तेव्हा बादशहाचा तळ आपल्याच मुलखात होता, भीमेकाठी ब्रह्मपुरीला. तो भयंकर संतापला. सुरतेतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या, कंपनीच्या वखारी बंद झाल्या. व्यापार बुडायची वेळ आली, तेव्हा इंग्रज हलले. यात्रेकरूंच्या जहाजांसोबत आपली लढाऊ जहाजं पाठवायचं कंपनीने कबूल केलं. इंग्लंडच्या सरकारने एव्हरीवर ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. एव्हरी काही सापडला नाही. त्याचे सहा साथीदार मात्र १६९६ मध्ये लंडनच्या कोर्टात उभे राहिले.

आता नीट ऐका. पहिला खटला गंज-ए-सवाईच्या लुटीचा होता. त्यात पंचांनी सगळ्यांना निर्दोष सोडलं! सरकारची पंचाईत झाली. लगेच दुसरा खटला भरला, एव्हरीच्या टोळीने सुरुवातीला आपलंच एक इंग्रजी जहाज पळवलं होतं त्याचा. त्यात ते दोषी ठरले आणि पाच जण फासावर गेले. म्हणजे शिक्षा झाली ती इंग्रजांचं जहाज चोरल्याची. त्या बायकांचा न्याय झालाच नाही.

पुढे कायदे बदलत गेले. आपल्या देशाने २०२२ साली समुद्री चाचेगिरीविरोधी कायदा केला. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने रुएन नावाचं व्यापारी जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं. जहाजावरचे १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. जहाज परक्या देशाचं, खलाशीही परके, तरी गुन्हा आपल्याकडे नोंदला गेला.

मैत्रिणींनो, गंज-ए-सवाईवरच्या पैशाचा हिशेब आजही वाचायला मिळतो, बायकांचा नाही. कारण तो कुणी लिहिलाच नाही. गावात एखादीवर अन्याय झाला की "जाऊ दे, बोभाटा नको" असं आपण किती सहज म्हणतो! गटाच्या वहीत आपण रुपया-रुपया मांडतो. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन तिची तक्रारही तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावू या.