गिअर बदलतो कोण?

नांदगांव खंडेश्वर हें अमरावती जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. खंडेश्वराचें हेमाडपंती देऊळ, काळी जमीन आणि तींत पिकणारी कपाशी व तूर, ही त्याची जुनी ओळख. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. तो याच तालुक्यांतून जातो. पुढें ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरांचा तो सारा मार्ग ठाणें जिल्ह्यांतील आमणेपर्यंत पुरा झाला. या मार्गावरून धांवणाऱ्या कित्येक मोटारींत चालकाच्या डाव्या पायास कांहींच काम नसतें. क्लच दाबावयाचा नाहीं, गिअरचा दांडा ओढावयाचा नाहीं. गाडी आपली आपण गिअर बदलीत जाते. मग हा गिअर बदलतो तरी कोण? आणि तो बदलण्यांत चूक झाली, तर ती हुडकावयाची कोणी व कशी? पहिल्या प्रश्नाचें उत्तर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत दोनदां पालटलें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र वाटतें तितकें पालटलेलें नाहीं.

गिअरची गरज कां पडते, हें बैलगाडीच्या उदाहरणावरून चटकन ध्यानांत येईल. चिखलांत रुतलेली गाडी काढतांना बैल जागच्या जागीं सारें बळ एकवटतो. पेट्रोलच्या वा डिझेलच्या इंजिनास तें साधत नाहीं. स्थिर असतांना त्याच्या अंगीं मुळींच बळ नसतें. मिनिटास कांहीं शेंकडे फेरे घेत असलें तरच तें जिवंत. म्हणून इंजिन जलद फिरावें आणि चाक सावकाश पण जोरानें फिरावें, अशी सोय करावी लागते. वेग वाढला म्हणजे हें प्रमाण बदलावें लागतें. तें केव्हां बदलावयाचें, हा निर्णय प्रारंभीं सर्वस्वीं चालकाच्या कानाचा व पायाचा होता.

हा निर्णय यंत्रावर सोंपविण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत बोस्टन येथें १९०४ च्या सुमारास स्टर्टेव्हंट बंधूंनीं केला. फिरत्या वजनांनीं गिअर बदलण्याची ती युक्ति होती. परंतु तत्कालीन धातु तिचा भार सोसण्याइतके चिवट नव्हते आणि ती मागें पडली. १९०८ सालीं फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत गिअर पायानेंच बदलावा लागे. तथापि तिच्या पेटींतील चाकांची रचना निराळी होती. मध्यें दांत्यांचीं चाकें आणि त्यांभोंवतीं फिरणारीं लहान चाकें. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावेत तशी ही मांडणी असल्यामुळें तिला ग्रहचक्र म्हणतात. यांपैकीं कोणता भाग धरून ठेवला व कोणता मोकळा सोडला, यावर वेगाचें प्रमाण ठरतें. दांते एकमेकांपासून सोडवावे लागत नाहींत. केवळ पकड बदलली कीं गिअर बदलला. बहुतेक स्वयंचलित गिअरपेट्यांचा सांगाडा आजहि हाच आहे.

दुसरा महत्त्वाचा घटक समुद्रावरून आला. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांच्या टर्बाइनाकरितां द्रवाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकीं एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो; वाऱ्याच्या ठिकाणीं तेल कल्पिलें म्हणजे फ्योटिंगरची कल्पना कळते. त्या दोहोंच्या मध्यें तेलाचा प्रवाह वळविणारें तिसरें चाक बसविलें, तर नुसती गतिच पोंचत नाहीं, तर आरंभीं जोरहि वाढतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर हें नांव आहे. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाहीं, कारण दोघांमध्यें लोखंडाचा सांधा नसून तेलाचा सांधा असतो.

वऱ्हाडास ही कल्पना रुळांवरूनहि परिचित झालेली आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद लोहमार्गावरील ‘शकुंतला’ गाडीस मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलेलें वाफेचें इंजिन कित्येक दशकें ओढीत होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. या अरुंद मार्गांवरील डिझेल इंजिनांची शक्ति चाकांपर्यंत तेलाच्याच द्वारें जात असे. भारतीय रेल्वेंतील अभियंते मनमोहन सुरी यांनीं आरंभीं तेलाचें बळ व पुढें यांत्रिक सांध्याची काटकसर यांचा मेळ घालणारी ‘सुरी ट्रान्समिशन’ ही रचना निर्मिली, आणि ती रेल्वेच्या डिझेल इंजिनांत वापरली गेली. तेलावर चालणारी गाडी ही केवळ परदेशची नवलाई नव्हे, हें यावरून दिसतें.

मोटारींत ग्रहचक्र आणि तेल यांचा यशस्वी संयोग जनरल मोटर्स कंपनीच्या ‘हायड्रा-मॅटिक’ या पेटीनें घडवून आणला. १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ती प्रथम विक्रीस आली. दुसऱ्या महायुद्धांत हीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतहि बसविली गेली. १९४८ सालीं ब्यूकच्या ‘डायनाफ्लो’ पेटींत टॉर्क कन्व्हर्टर आला. या पेट्यांत निर्णय घेणारें तेलच होतें. एका बाजूनें गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब, दुसऱ्या बाजूनें चालकानें अॅक्सिलरेटर जितका दाबला त्या मानानें वाढणारा दाब, आणि मध्यें एक सरकता व्हॉल्व्ह. वेगाचा दाब वरचढ झाला कीं व्हॉल्व्ह सरकला आणि वरचा गिअर पडला. चढावर पाय जोरानें दाबला कीं दुसरा दाब वरचढ होऊन खालचा गिअर येई. तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें हा सारा न्याय चाले.

त्या काळचा मिस्त्री दोष शोधी तोहि तेलांतच. दाबमापक लावावा, तेलाचा रंग पाहावा, वास घ्यावा, अडकलेला व्हॉल्व्ह धुवावा, सैल झालेला पट्टा आवळावा, अशी ती विद्या होती. त्या जुन्या पेट्यांपैकीं कित्येकींत चाकांकडून चालणारा दुसरा एक पंपहि असे. त्यामुळें धक्का मारून गाडी सुरू करतां येई. १९६० च्या दशकांत तो पंप वगळला जाऊं लागला. टॉर्क कन्व्हर्टरच्या आजच्या गाडीस शेतांतल्या जीपप्रमाणें धक्का मारून उपयोग होत नाहीं, याचें कारण हेंच: इंजिन फिरल्याविना पंप नाहीं, पंपाविना दाब नाहीं, दाबाविना पकड नाहीं. अशी बंद पडलेली गाडी शक्ति घेणारीं चाकें रस्त्यावर ठेवून दूरवर ओढीत नेली, तर आंतील भाग तेलाविना घासून निकामी होऊं शकतात. ती उचलून वाहनावर चढवूनच न्यावी, हा नियम महामार्गालगतच्या गांवांनीं तरी जाणून घ्यावा असा आहे.

तेलाच्या न्यायास मर्यादा होत्या. त्यास वेग व पाय या दोनच गोष्टी कळत. इंजिन थंड आहे कीं तापलेलें, तेल दाट आहे कीं पातळ, हें त्यास उमगत नसे. १९६९–७० च्या सुमारास फ्रान्समध्यें रेनो व जपानमध्यें टोयोटा या कंपन्यांनीं हा निर्णय विजेच्या स्वाधीन करण्यास प्रारंभ केला. १९७३ नंतर इंधन महागलें, तेव्हां काटकसरीची निकड वाढली. आणि १९८० च्या दशकांत लहान संगणक स्वस्त होतांच ही पद्धति सर्वत्र पसरली.

तिची मांडणी अशी. वेग, उष्णता व पायाचा दाब मोजणारे सेन्सर हे तिचे डोळे. कंट्रोल युनिट ही तिची बुद्धि. आणि वीज मिळतांच तेलाची वाट उघडणारे वा मिटणारे सोलेनॉईड हे तिचे हात. मात्र ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, पालटला तो न्यायाधीश. देह पालटला नाहीं. प्रत्यक्ष पकड अजूनहि तेलाच्या दाबानें क्लचच्या चकत्याच घेतात, आणि फिरतात तीं ग्रहचक्रेंच.

भारतांत अशा गाड्या दीर्घकाळ धनिकांपुरत्याच राहिल्या. त्यांस सामान्य घराचें दार उघडलें तें निराळ्या युक्तीनें. १९८९ सालीं फेरारीच्या शर्यतीच्या गाडींत, नेहमींच्याच गिअरपेटीचा क्लच व दांडा विजेच्या आज्ञेनें तेलाच्या दाबावर हलविण्याची योजना झाली. पंचवीस वर्षांनीं, २०१४ सालीं, तीच कल्पना मारुतीच्या ‘सेलेरिओ’ या लहान मोटारींत आली. त्याच वर्षीं टाटांच्या ‘झेस्ट’मध्यें व २०१५ सालीं ‘नॅनो’मध्येंहि ती अवतरली. शर्यतीसाठीं जन्मलेलें यंत्र असें बाजारहाटाच्या गाडींत येऊन बसलें. हिच्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. दोष शोधतांना क्लचची झीज आणि तो हलविणाऱ्या यंत्राचें स्वतंत्र तेल यांकडे प्रथम पाहावें लागतें.

आतां दुसरा प्रश्न. अमेरिकेंत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीस दोष नोंदविणारी ठराविक पद्धति सक्तीची झाली. भारतांत २०१० नंतर टप्प्याटप्प्यानें तसें झालें. गाडीस स्कॅनर जोडला कीं एक सांकेतिक क्रमांक दिसतो. येथेंच मोठा गैरसमज होतो. ‘पी ०७००’ या क्रमांकाचा अर्थ इतकाच कीं गिअरपेटीच्या कंट्रोल युनिटनें कांहीं दोष टिपला आहे. ‘पी ०७३०’ म्हणजे वेगाचें प्रमाण जुळत नाहीं. समजा, पहिल्या गिअरचें प्रमाण २.८ आहे. पेटींत शिरणारा दंड मिनिटास २,८०० फेरे घेत असेल, तर बाहेर पडणाऱ्यानें १,००० घ्यावेत. तो ८०० च घेतांना दिसला, तर प्रमाण ३.५ होतें, असा गिअर तर पेटींत नाहीं. म्हणजे कोठें तरी पकड घसरते आहे, असें कंट्रोल युनिट समजतें. पण पकड घसरली नसून वेग मोजणारा सेन्सरच खोटें सांगत असेल तर? किंवा त्याची वायर उंदरानें कुरतडली असेल, जोडणींत पावसाचें पाणी शिरलें असेल तर? क्रमांक तोच दिसूं शकतो. हा क्रमांक साक्षीदार आहे, निकाल नव्हे.

म्हणून जाणता मिस्त्री चौकशीचा क्रम सोडीत नाहीं. प्रथम गाडी चालवून तक्रार स्वतः अनुभवावी: कोणत्या गिअरांत, थंड असतां कीं तापल्यावर. मग तेल. तें कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि पकड सुटते. अधिक असेल तर चाकें तें घुसळून फेंस करतात. काळसर झालेलें व जळका वास येणारें तेल क्लचच्या झिजेची सूचना देतें. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तर त्याची विशेष काळजी घ्यावी. हल्लीं बऱ्याच पेट्यांना तेल मोजण्याची पट्टी नसते. तेल ठराविक उष्णतेवर आणून खालच्या बुचांतून पातळी पाहावी लागते. त्यानंतर बॅटरीचा दाब, अर्थची तार व जोडण्या. त्यानंतर सोलेनॉईड मीटरवर तपासावा: केवळ उघडझांप करणाऱ्याचा विरोध बहुधा १० ते ३० ओहम, दाब नियमित करणाऱ्याचा त्याहून पुष्कळ कमी, नेमका आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांतच पाहावा. त्यानंतर दाबमापक. आणि हें सर्व झाल्यावरच पेटी खोलण्याची गोष्ट.

गाडी एकाच गिअरांत अडकून सावकाश चालूं लागली, तरी घाबरावयास नको. भारी दोष दिसतांच कंट्रोल युनिट सोलेनॉईडांची वीज तोडतें. मग केवळ तेलाच्या दाबानें एक ठराविक गिअर पडून राहतो. गाडीनें कसेंबसें घर गांठावें, यासाठीं केलेली ती तरतूद आहे. पेटी संपली असा तिचा अर्थ नव्हे.

या क्रमाचें मोल पैशांत मोजतां येतें. एका सैल जोडणीपायीं अखंड पेटी बदलण्याचा सल्ला मिळाला, तर कास्तकाराच्या हंगामाची कमाई त्यांत जाऊं शकते. तालुक्याच्या गांवचा मिस्त्री मागें पडतो तो बुद्धीनें नव्हे. पुस्तक, नकाशा आणि स्कॅनर त्याच्या हातीं नसतात म्हणून. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें ‘राइट टू रिपेअर’ या नांवाचें संकेतस्थळ उघडून मोटारींसह अनेक वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती एकत्र करण्याचा उपक्रम आरंभिला, तो या उणिवेवरच. माहिती गांवापर्यंत पोंचली, तरच त्याचें सार्थक.

गिअर आरंभीं माणूस बदलीत असे, मग तेल बदलूं लागलें, आतां वीज बदलते. परंतु कोणता साक्षीदार खरें बोलतो आहे हें ठरविण्याचें काम तेलाकडे गेलें नाहीं आणि विजेकडेहि गेलेलें नाहीं. तें अद्याप हातास तेल लागलेल्या माणसाकडेच आहे.